एवढं कुठलं होतंय!

न्यू जर्सीच्या मराठी वस्तीत गेल्या काही वर्षांत एक नवी जमात उगवली आहे. या जमातीला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. चेंडू लांबुळका का, मध्येच सगळे थांबून काय बोलतात, एवढ्या जाड्या माणसाला कशाला पळवतात, हे प्रश्न वीस वर्षं अनुत्तरित आहेत. तरी रविवारी दुपारी एकच्या ठोक्याला ही मंडळी टीव्हीसमोर हजर. सामना संपल्यावर कोण जिंकलं ते विचारा, आठवावं लागेल. दोन्ही संघांचे मिळून गुण किती झाले ते मात्र झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगतील.

हे बेरीजवाले. यांची पैज हारजितीवर नसते, 'टोटल'वर असते. पैज घेणारी कंपनी सामन्याआधी एक आकडा काढते, समजा ४४.५. दोन्ही संघांचे गुण मिळून त्याच्या वर जाणार म्हणणारा ओव्हर, खाली राहणार म्हणणारा अंडर. बस्स, एवढंच.

आपले नमुनेदार काका पन्नाशी ओलांडलेले, मूळचे डोंबिवलीचे. वायटूकेच्या लाटेत आले, एडिसनमध्ये घर केलं, विमा कंपनीत संगणकावर बसतात. बाजू घेणं त्यांच्या रक्तातच नाही. मराठी मंडळाच्या निवडणुकीत दोन गट पडले तेव्हा "दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे" असं म्हणून ते दोन्ही गटांचा चहा प्यायले. अशा माणसाला 'जायंट्स की ईगल्स' विचारणं म्हणजे छळ. बेरजेत तो प्रश्नच येत नाही. कोणीही जिंका, आम्हाला काय त्याचं!

आणि काका नेहमी अंडर घेतात. यात अभ्यास नाही, हा स्वभाव आहे. पगारवाढीचा आकडा, पावसाचा अंदाज, पुतण्याचे बारावीचे मार्क, काहीही कानावर आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "छे! एवढं कुठलं होतंय!" सामान्य अमेरिकन माणूस हौसेने ओव्हर घेतो, कारण त्याला भरपूर गुण झालेले बघायचे असतात. काकांना काही होऊच नये असं वाटतं. अशा वृत्तीला पैसे देणारी सोय निघेल, असं त्यांच्या वडिलांनाही वाटलं नसतं.

अर्थात सरकारमान्य होईपर्यंत काकांनी पैजेला हात लावला नाही. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरच्या पैजा खुल्या करायची मुभा दिली. तो खटलाच मुळी न्यू जर्सीने लढवलेला. महिनाभरात, १४ जूनला, मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर तेव्हाचे गव्हर्नर मर्फी स्वतः खिडकीशी गेले आणि त्यांनी वीस-वीस डॉलर लावले: एकदा जर्मनी सॉकरचा विश्वचषक जिंकेल म्हणून, एकदा न्यू जर्सीचा डेव्हिल्स हा आइस हॉकीचा संघ पुढच्या वर्षी स्टॅन्ली कप जिंकेल म्हणून. जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली. डेव्हिल्सचंही काही झालं नाही. काकांचा निष्कर्ष तयार होता: "गव्हर्नर बाजू घ्यायला गेले, तिथेच फसले."

मग रीतसर अभ्यास सुरू झाला. दोनशे पानी वही, डावीकडे समास, पहिल्या पानावर श्री. पहिला धडा अर्ध्या गुणाचा. ४४.५ मधला तो अर्धा गुण कसा करतात हे बघायला काकांनी एक अख्खा रविवार डोळे फाडून घालवला. संध्याकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, अर्धा गुण नसतोच. बरोबरी होऊ नये म्हणून ठेवतात तो." रेषा, म्हणजे कंपनीने काढलेला आकडा, सरळ ४४ असली आणि बेरीज नेमकी ४४ झाली तर पैसे परत मिळतात, हेही तिनेच सांगितलं. मुद्दल सुटतं या आनंदात काका काही दिवस पूर्णांकांच्याच रेषा शोधत होते.

दुसरा धडा काकूंनी दिला. काकू लग्नाआधी मुंबईत बँकेत कॅशियर होत्या, अजूनही नोटा मोजताना बोलत नाहीत.

"अहो, जिंकलात तर किती मिळतात?"

"दहा डॉलर."

"आणि लावता किती?"

"अकरा."

काकूंनी विजेच्या बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. शंभर पैजांतल्या ५२ जिंकल्या, ५२० आले. ४८ हरल्या, ५२८ गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तुमचं खरं ठरूनही आठ डॉलर खड्ड्यात. वर यायला शंभरात ५३ तरी बरोबर यायला हव्यात. "मधला हा डॉलर त्या कंपनीचा. तिला तुमच्या ओव्हर-अंडरशी काही देणंघेणं नाही." बेरजेत कोणाचीही बाजू न घेणारं काकांहून पोचलेलं कोणीतरी आहे, हे तेव्हा उघड झालं. काकांनी तो कागद वहीत चिकटवला आणि ते पान पुन्हा कधी उघडलं नाही.

काका अकरा डॉलरवर थांबले, सगळे थांबत नाहीत. इथे पैजेच्या प्रत्येक जाहिरातीखाली व्यसनमुक्तीच्या मदतीचा फोन नंबर छापतात, तो शोभेसाठी नाही.

काकांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे ३ फेब्रुवारी २०१९. अटलांटात सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, पेट्रियट्स विरुद्ध रॅम्स. रेषा छप्पनच्या आसपास, म्हणजे गुणांचा पाऊस पडणार असा सगळ्यांचा होरा. एका मित्राच्या बेसमेंटमध्ये तीस माणसं, समोसे, चिकन विंग्ज. मध्यंतराला ३–०. तीन चतुर्थांश सामना झाला तरी ३–३. लोक जांभया देत होते, बायका वर निघून गेल्या, पोरं फोनमध्ये. कोपऱ्यातल्या खुर्चीत एकटे काका फुललेले. चढाई फसली की टाळी. रॅम्सच्या खेळाडूने ६५ यार्डांची पंट मारली, म्हणजे हरलेल्या चढाईचा चेंडू लाथेने दूर भिरकावला. सुपर बोलमधली ती तोवरची सर्वांत लांब पंट. काका उठून उभे राहिले. "काय मारलीय!" आख्ख्या बेसमेंटने वळून त्यांच्याकडे बघितलं. शेवटी १३–३, बेरीज सोळा. सुपर बोलच्या इतिहासात एवढी कमी बेरीज कधी झाली नव्हती. समालोचक कंटाळवाणा सामना म्हणून हळहळत होते आणि काका घरी जाताना गाडीत नाट्यगीत गुणगुणत होते.

त्यानंतर वाऱ्याचं वेड लागलं. पावसापेक्षा वारा अंडरला मानवतो, असं कुठेतरी वाचलं. डिसेंबर २०२१ मध्ये बफेलोत असा वारा सुटला की पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच खेळाडूने, अख्ख्या सामन्यात चेंडू फक्त तीनदा फेकला आणि सामना १४–१० वर आटपला. तेव्हापासून डोंबिवलीत पाणी तुंबल्याचं काकांना भावाच्या फोनवरून कळतं, पण बफेलोत ताशी किती मैल वारा आहे ते त्यांना तोंडपाठ.

नोकरी मॅनहॅटनमध्ये, हीही एक पंचाईत होती. न्यूयॉर्कमध्ये फोनवरून पैज लावायला जानेवारी २०२२ पर्यंत परवानगी नव्हती आणि तुम्ही कुठे उभे आहात ते अ‍ॅपला कळतं. त्यामुळे मेट्रोपार्क स्टेशनात गाडीत बसल्यापासून सकॉकस जाऊन न्यूयॉर्कचा बोगदा यायच्या आत काय तो निर्णय घ्यायचा. सकाळच्या गाडीत काकांच्या कपाळावरच्या आठ्या बघून शेजारचा गोरा कर्जाबद्दल सहानुभूतीने बोलला होता म्हणतात. दुसरी पंचाईत घरातच: मुलगी इथल्याच रटगर्स विद्यापीठात शिकते. न्यू जर्सीत राहून न्यू जर्सीच्याच कॉलेजच्या संघावर पैज लावता येत नाही. या सगळ्या कायद्यात काकूंना आवडणारं कलम ते एवढंच.

पण अंडरवाल्याची खरी परीक्षा बास्केटबॉलमध्ये. एका रात्रीची गोष्ट. रेषा २२१.५. पाऊण मिनिट उरलंय, ११०–१०४, बेरीज २१४. काका हात धुवायला उठलेसुद्धा. पण मागे पडलेला संघ शेवटी मुद्दाम फाउल करतो. घड्याळ थांबतं, समोरच्याला दोन फुकट फेकी मिळतात. दोन्ही आत, २१६. लगेच इकडून लांबून तीन, २१९. पुन्हा फाउल, पुन्हा दोन, २२१. काका ओला हात तसाच धरून उभे. ११४–१०७. निकाल लागलेला, प्रेक्षक दाराकडे निघालेले, जिंकलेले खेळाडू एकमेकांना मिठ्या मारतायत. तेवढ्यात हरलेल्या संघातला कोणी उपटसुंभ, कोणी अडवत नाही म्हणून, रमतगमत गेला आणि त्याने चेंडू बास्केटमध्ये टाकला. २२३. त्या बास्केटने निकालात काडीचाही फरक पडला नाही.

"गरज काय होती?" काका त्या खेळाडूला विचारत होते. "अरे, गरज काय होती तुला?"

बाकी ओव्हरटाइमचे गुण बेरजेत धरतात, हा धडा त्यांना जुन्या मंडळींकडून ऐकूनच कळला. २०१७ च्या सुपर बोलला ठरल्या वेळेत २८–२८, म्हणजे ५६. रेषा साठीच्या जरा अलीकडे, अंडरवाले सुटल्यात जमा. मग जादा वेळेत एक टचडाउन आणि बेरीज ६२. हे ऐकून काका दोन मिनिटं गप्प बसले होते, कोणी गेल्याचं कळल्यासारखे.

काकांची ही कीर्ती मंडळाच्या कार्यकारिणीपर्यंत पोचली आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला किती पानं सांगायची, याचा सल्ला त्यांना विचारण्यात आला. खजिनदार म्हणाले, चारशे येतील. काका म्हणाले, "छे! एवढं कुठलं होतंय! थंडी आहे, त्यात वारा. सव्वातीनशे सांगा."

नाटकाचा पडदा पडला तेव्हा साडेआठ झाले होते आणि नुसतं जेवायला म्हणून येणारी मंडळी पार्किंगमध्ये गाड्या लावत होती. श्रीखंड साडेनऊला संपलं, पुऱ्या त्याच्या आधी. मसालेभाताचं पातेलं खरवडत खजिनदारांनी काकांकडे बघितलं.

काका शांतपणे म्हणाले, "नाटक संपेपर्यंत अंडरच होतं. पुढचं सगळं ओव्हरटाइममध्ये झालं."