अठ्ठेचाळीस आकडे आणि गेल्या वर्षीचं कालनिर्णय

एडिसन, न्यू जर्सी



बिटलॉकर हे लॅपटॉपच्या डिस्कला लावायचं कुलूप. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ते आलं. एकदा लागलं, की करविवरणाचे कागद असोत वा गणपतीतले फोटो, किल्लीवाचून सगळ्याचा नुसता लगदा. ही किल्ली रोज मागितली जात नाही, कारण ती टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते. चिप म्हणजे जुन्या वाड्याच्या दारावरचा म्हातारा गडी. ओळखीच्या माणसाला न विचारता आत सोडणार, पण त्याच माणसाने मिशी काढली, तर "आपण कोण?" म्हणून दारातच उभा करणार.

लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर आणि विंडोज चालू करणारा प्रोग्राम यांची मोजमापं ही चिप टिपून घेते. ती कालच्यासारखीच निघाली तर किल्ली सोडते. एखाद्या अपडेटने त्यांत बदल केला, तर तो घरच्याने केला की चोराने, हे तिला कळत नाही. मग निळा पडदा येतो आणि राखीव किल्लीचे सहा-सहाच्या आठ गटांतले ४८ आकडे मागतो. जुलै २०२४ मधल्या विंडोजच्या अपडेटनंतर काही संगणक असेच अडून बसले होते. ऑगस्टच्या अपडेटने ते दुरुस्त झालं. त्याच जुलैच्या १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं पाडली आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तिथलं दुखणं वेगळं होतं, पण औषधाच्या वाटेवर हेच कुलूप आडवं आलं. फाइल पुसायला यंत्रात शिरावं लागे, आणि कुलूपबंद यंत्र आधी ४८ आकडे मागे.

एडिसनच्या एका मराठी घरात हा पडदा जानेवारीतल्या एका रात्री, सुरक्षेचं अपडेट होऊन गेल्यावर उगवला. अशा वेळी किल्ली शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: मायक्रोसॉफ्टचं खातं, पेनड्राइव्ह, छापलेला कागद, आणि लॅपटॉप कचेरीचा असेल तर तिथला संगणक विभाग. या घरात त्यांतलं काहीच नव्हतं. लॅपटॉप गेल्या गणपतीत पनवेलला सुरू केला होता. "इंटरनेटवर किल्ली ठेवणं म्हणजे चोरालाच राखणीला बसवणं" असा तिथल्या ज्येष्ठांचा निर्वाळा पडल्यामुळे खातं जोडलं नाही, आणि प्रिंटरमध्ये शाई नव्हती. तेव्हा आजोबांनी, म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षकांनी, चष्मा पुसून सगळे आकडे कालनिर्णयाच्या ऑगस्टच्या पानावर, २७ तारखेच्या गणेश चतुर्थीच्या चौकटीभोवती बारीक अक्षरात उतरवले. शेजारी दुधाचा हिशोब होता आणि खाली गॅस सिलिंडरचा बुकिंग नंबर.

एडिसनला रात्रीचे नऊ म्हणजे पनवेलला सकाळचे साडेसात. सुदैवाने २०२६ चं कॅलेंडर जुन्यावरच त्याच खिळ्याला टांगलेलं होतं. फोनवर वाचन सुरू झालं ते जोड्या-जोड्यांनी: "एकोणसाठ, सत्तावीस, तेरा." एडिसनच्या नातीने ६९२७१३ टिपलं, आणि पडदा गट घेईना.

इथे या किल्लीची खरी गंमत आहे. तिचा प्रत्येक सहा आकडी गट अकराने भागला जावाच लागतो, म्हणजे टिपताना झालेली चूक तिथल्या तिथे पकडता येते. शाळेतली कसोटी पुरते: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या; त्यांतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला पाहिजे. ६९२७१३ मध्ये सहा, दोन, एक मिळून नऊ आणि नऊ, सात, तीन मिळून एकोणीस. फरक दहा, म्हणजे चूक. ५९२७१३ मध्ये आठ आणि एकोणीस. फरक अकरा, बरोबर. आजोबांनी हे फोनवर तोंडीच सोडवलं आणि नातीला एकोणसाठ-एकोणसत्तर येत नाही हेही त्याच दमात सांगून टाकलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचायची रीत आली, तेव्हा त्यांचा त्या रीतीला कडाडून विरोध होता. त्या सकाळी मात्र दुसऱ्या गटापासून ते मुकाट्याने "पाच, नऊ" असे सुटे आकडे वाचू लागले. सातवा गट मध्येच सिलिंडरच्या नंबरात शिरला होता; तोही अकराच्या कसोटीनेच बाहेर काढला.

आठवा गट बसला आणि फाइली जशाच्या तशा मिळाल्या. त्यांच्या प्रती लगेच वेगळ्या डिस्कवर गेल्या. यापुढे फर्मवेअरचं अपडेट असेल तेव्हा बिटलॉकर आधी तात्पुरतं थांबवायचं आणि नंतर पुन्हा चालू करायचं, असं ठरलं आहे. किल्ली हरवली असती, तर पनवेलच्या बाजारातलाच काय, कुठलाही दुरुस्तीवाला ते कुलूप उघडू शकला नसता. डिस्क पुसून कोरी करणं, एवढंच हाती उरलं असतं.

नवी किल्ली अजून केलेली नाही. तोवर पनवेलच्या घराला एवढीच विनंती, की रद्दीवाला आला तरी २०२५ चं कालनिर्णय त्याला देऊ नये.