वाऱ्याशी हुज्जत

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत एक नियम आहे. तुमची होडी दुसऱ्या होडीला लागली आणि चूक तुमची असेल, तर तुम्ही बाजूला व्हायचं आणि होडीसकट स्वतःभोवती दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. वळणाच्या खुणेसाठी सोडलेल्या बोयाला नुसता धक्का लागला तर एक गिरकी. शिट्टी वाजत नाही, लाल कार्ड निघत नाही. बहुतेक शर्यतींत पाण्यावर पंचच नसतो. चूक आपली आपण ओळखायची, शिक्षा आपली आपण भोगायची, आणि तोवर पुढे निघून गेलेल्यांच्या मागे पुन्हा लागायचं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचा लक्ष्मी रस्ता आला. सिग्नल तोडून आलेला स्कूटरवाला रिक्षाला घासतो, "माफ करा, चुकलं" म्हणतो, आणि सोन्या मारुती चौकात स्कूटर घेऊन शांतपणे दोन गोल चकरा मारतो. मागे पिशव्या सांभाळत बसलेली बायको विचारते, "अहो, आता हे काय?" तो म्हणतो, "दुसरी राहिलीय. घट्ट धर." रिक्षावाला हात जोडून निघून जातो.

प्रत्यक्षात काय होतं ते आपण जाणतोच. दोन्ही गाड्या रस्त्याच्या मधोमध आडव्या राहतात आणि चर्चेला तोंड फुटतं. पाच मिनिटांत धडक मागे पडते आणि 'तुम्ही मला अरे-तुरे केलंतच कसं' हा मूळ मुद्दा होऊन बसतो. आपण हुज्जत घालणारी माणसं आहोत. भाजीवालीशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, काउंटरपलीकडच्या कुणाशीही, आणि समोर कोणीच नसेल तर हातातल्या वर्तमानपत्राशी. पन्नाशी येईपर्यंत माणूस या कलेत चांगला तयार झालेला असतो. जरा आवाज चढवला, जरा ओळख सांगितली की कामं होतात हा त्याचा अनुभव असतो, आणि तो अगदीच खोटा नसतो.

अशा तयारीच्या वयात मी मुंबईच्या बंदरात शिडाची होडी शिकायला गेलो.

होडी वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. वारा जिथून येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांपर्यंतचा पट्टा तिला बंद असतो. तिकडे नाळ वळवली की शीड फडफडतं, होडी थांबते आणि थोड्या वेळाने चक्क मागे जायला लागते. तिकडेच पोचायचं असेल तर आधी डावीकडे तिरकं, मग उजवीकडे तिरकं, असं नागमोडी जावं लागतं. समोर स्वच्छ दिसणारा बोया, मधे मोकळं पाणी, आणि आपण मात्र दुसरीकडेच तोंड करून निघालेले. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा होता. मी त्याला विचारलं, "पण मला सरळच जायचं असेल तर?"

"मग काका, इंजिन लावा," तो म्हणाला.

इथून पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. शिडावर लोकरीचे दोन छोटे धागे चिकटवलेले असतात, एक वाऱ्याच्या बाजूला आणि एक पलीकडे. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर लागलं आहे. अलीकडचा नाचायला लागला की तुम्ही वाऱ्याच्या फार तोंडाशी गेलात. पलीकडचा मलूल झाला की शीड जास्त ओढलंत. एवढं महागडं शीड, पण त्याचा निवाडा दोन दमड्यांच्या लोकरीकडे. त्या लोकरीला तुमचा हुद्दा ठाऊक नसतो. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, यावरही तक्रार चालत नाही. शिवाय होडी चालत असेल तरच सुकाणू काम करतं. थांबलेल्या होडीत दांडा कितीही हलवा, तोंड वळत नाही. (या शेवटच्या वाक्यावर कुणीतरी दिवाळी अंकात आठ पानं लिहील. ते मी नव्हे.)

हिवाळ्यात मुंबईच्या बंदरात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा उठतो. एक जातो आणि दुसरा येतो यांच्यामधे वारा पडतो. पडतो म्हणजे अगदी पडतो. एकदा आमच्या होडीत एक निवृत्त मोठे अधिकारी होते. वारा पडल्यावर त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं, मग शिकवणाऱ्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "साधारण किती वेळ लागेल?" मुलाने खांदे उडवले. साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांच्या एका फोनवर फायली हलल्या, ते गृहस्थ हातात दोरी धरून उन्हात बसले होते, आणि वरच्या साहेबांचा नंबर कुणाकडेच नव्हता. दहा मिनिटांत येतो असा खोटा निरोप जरी कुणी दिला असता तरी त्यांना बरं वाटलं असतं.

माझ्या भाचीने हे सगळं अंगाला पाण्याचा थेंब न लागता आत्मसात केलं आहे. ती सेलेस्ट नावाचा गेम खेळते. 2018 साली आलेला हा गेम. एक मुलगी डोंगर चढते, बाकी काही नाही. पण तो डोंगर असा की पावलोपावली खाली पडून मरायला होतं. मेलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मुलगी त्याच दृश्याच्या सुरुवातीला परत उभी. मी शेजारी बसून पाहत होतो.

"अगं, किती वेळा मेलीस?"

"मी नाही मोजत, मामा. गेम मोजतो."

तो खरोखरच मोजतो आणि शेवटी आकडा दाखवतो. मधे एके ठिकाणी खेळणाऱ्याला पोस्टकार्डही येतं: मरणांच्या आकड्याचा अभिमान बाळगा, जितकं मराल तितकं शिकाल, अशा अर्थाचं. माझ्या शाळेतून घरी अशा मजकुराचं पत्र कधी आल्याचं आठवत नाही.

माझ्या बहिणीची तक्रार अशी की हीच मुलगी गणित एकदा चुकलं की वही मिटते, आणि इथे एका उडीसाठी सबंध संध्याकाळ घालवते. तक्रार खरी आहे, पण कारणही पडद्यावर दिसतंच. गेम चूक तिथल्या तिथे दाखवतो आणि पुढे एक अक्षर बोलत नाही. 'मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं' नाही, 'लक्ष कुठे असतं' नाही, समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाचा उल्लेख नाही. त्यामुळे उलट उत्तर देण्यात जाणारा सगळा वेळ उडी मारण्यात जातो. आमच्या घराण्यात उलट उत्तराला किती वेळ लागतो हे पाहता बचत मोठी आहे.

न बोलता शिकवणं ही या खेळांची जुनी विद्या. 1985 सालच्या सुपर मारिओचा पहिला टप्पा ज्यांनी खेळलाय त्यांनी आठवून बघावं. मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे सगळी जागा मोकळी असते, म्हणजे जायचं कुठे हे सांगावं लागत नाही. मग एक रागीट चेहऱ्याचा प्राणी चालत येतो. अंगाला लागला की मेलात, उडी मारून डोक्यावर पडलात की तो मेला. वर प्रश्नचिन्हाची चौकट असते. तिला डोकं लागलं की अळंबी बाहेर पडते. ती उजवीकडे घरंगळत जाते, पाइपावर आपटते आणि नेमकी तुमच्याकडेच परत येते. आत्ताच तुम्ही शिकलात की चालून येणाऱ्यापासून पळायचं, पण पळायला अवकाश नसतो. अळंबी लागते आणि तुम्ही मोठे होता. शिगेरू मियामोतो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सगळं जाणून बुजून मांडलेलं आहे. सूचनांची एक ओळ नाही. माझ्या पिढीने टीव्हीला डबा जोडून आणि भाड्याची कॅसेट फुंकून हा धडा गिरवला, आणि आपण काही शिकतोय याचा पत्ता आम्हाला लागला नाही, आमच्या वडिलांना तर नाहीच.

एक गोष्ट मला अलीकडेच कळली. गेम इतका कडक वाटतो, पण गुपचूप दयाळू असतो. सेलेस्टमधली मुलगी कड्याच्या टोकावरून पुढे गेली, पायाखाली काही उरलं नाही, तरी सेकंदाच्या एका बारीक अंशापर्यंत ती उडी मारू शकते. कार्टूनमधला कोयोटी कड्याबाहेर हवेत धावत राहतो आणि खाली बघितल्यावरच पडतो. त्याच्यावरून या सवलतीला कोयोटी टाइम म्हणतात. बटण जरा लवकर दाबलंत तरी गेम ते लक्षात ठेवतो. डोकं कोपऱ्याला जेमतेम लागलं तर हलकेच बाजूला सरकवतो. हे करणाऱ्यांनीच उघड सांगितलेलं आहे. मी मोठा शोध लागल्यासारखं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "हो, मग. नाहीतर कोण खेळेल?"

समुद्राकडे अशी सवलत नाही. आणि तरीही, समुद्राला फसवायचा नाही तर निदान लोकांना फसवावं, असं एकाला वाटलं होतं. ती हकीकत एका मुंबईकर होडीच्या हकीकतीत गुंतलेली आहे, म्हणून सांगतो.

सुहेली ही 32 फुटांची सागवानी होडी मुंबईत बांधली गेली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. 1968 साली 'संडे टाइम्स'ने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. सुहेली सगळ्यांत मंद म्हणावी अशांपैकी; तिचा रेडिओ बिघडला आणि कित्येक महिने ती आहे की बुडाली हेही कुणाला ठाऊक नव्हतं. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, ती फाल्मथला परत आली. नऊपैकी शर्यत पूर्ण करणारी ती एकटीच.

बर्नार्ड म्वातेसिए नावाचा फ्रेंच माणूस तिच्याहून वेगाने येत होता. अवघड दक्षिण समुद्र पार करून झाले होते, घरी परतणंच बाकी होतं. त्याने गलोलीने एका जहाजावर निरोप फेकला की मी शर्यत सोडतोय, आणि तो पुन्हा एकदा आशेचं भूशिर ओलांडून थेट ताहितीला गेला. याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बक्षीस, कीर्ती, वर्तमानपत्रं, सगळ्यांशी न बोलता केलेला हा काडीमोड. आपल्याकडे असं करणाऱ्याला आधी घरचे विचारतील, "मग गेलासच कशाला?"

आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट. याची होडी घाईत बांधलेली, गळणारी. दक्षिण समुद्रात गेलो तर मरू आणि परत फिरलो तर कर्जात बुडू, अशा कात्रीत तो सापडला. मग तो अटलांटिकमधेच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून आपण भराभर पुढे जात असल्याचे खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. कागदावर त्याची प्रदक्षिणा झकास चालली होती. पण तो जवळ आला आहे असं समजून पुढच्या स्पर्धकाने आपली होडी जिवापाड पळवली आणि ती मोडून बुडाली. आता सर्वांत कमी वेळेचं बक्षीस क्रोहर्स्टच्या गळ्यात पडणार आणि त्याची वही तपासली जाणार, हे दिसू लागलं. 10 जुलै 1969 रोजी त्याची रिकामी होडी तरंगताना सापडली. आत नोंदवह्या होत्या. खऱ्याही आणि खोट्याही. ते पाच हजार पौंडांचं बक्षीस नॉक्स-जॉन्स्टनला मिळालं, आणि त्याने ते क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकलं.

आमच्या लहानपणी काँट्रा गेममधे वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं असं काहीसं दाबलं की तीस जीव मिळायचे. रामरक्षेपेक्षा ते लवकर पाठ झालं होतं. ती युक्ती मुळात कोनामी कंपनीच्या एका प्रोग्रामरने केली होती, कारण स्वतःच्या कंपनीचा ग्रॅडियस हा गेम तपासताना त्याला तो झेपेना. आम्ही ती वापरली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. क्रोहर्स्टची गोष्ट वाचताना मला त्या बटणांची आठवण येते आणि त्याचा राग येत नाही. त्याला तिसाव्या जिवाची नाही, फक्त 'चुकलं' म्हणून परत यायला एका जागेची गरज होती. पाण्यावर दोन गिरक्यांची सोय असते. सावकार, वार्ताहर आणि गावकरी धक्क्यावर वाट बघत असतात तिथे नसते.

2018 मधे जुन्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त तीच शर्यत पुन्हा झाली, जुन्याच साधनांनी. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी सुहेलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या थुरियावर होते. त्या आधी 2013 मधे त्यांनी मुंबईहून निघून मुंबईला परत, कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केलेली होती, म्हणजे नवशिके नव्हेत. हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीचा कणा दुखावला, हालचाल करता येईना, आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पाठीवर शस्त्रक्रिया झाली. 2022 मधे ते पुन्हा त्याच शर्यतीला गेले आणि 2023 मधे दुसरे आले. भाचीला हे सांगितलं. तिला त्यात फारसं नवल वाटलं नाही. पडलेल्या दृश्यापासून परत सुरू करायचं असतं, एवढं तिला माहीत होतं. फक्त मधे चार वर्षांचं लोडिंग तिला जास्त वाटलं.

माझी मजल अजून बंदराबाहेर गेलेली नाही. पण घरात एक बदल झाला आहे. मी रोज सकाळी कालनिर्णयासमोर उभा राहून तिथी बघतो. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला बाराच्या आसपास. समुद्रावर पोट असणाऱ्यांचा हा जुना आडाखा, आणि मोबाइलपेक्षा तो मला जवळचा वाटतो. आईला मात्र माझ्यात उशिरा का होईना धर्मबुद्धी जागी झाल्याचं समाधान आहे, आणि ती ते शेजारी सांगत असते.

येत्या रविवारी संकष्टी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि दोनला आम्ही पाण्यात. आईने परस्पर साबुदाणा भिजत घातला आहे. मी तिथी कशासाठी बघतो हे तिला समजावून सांगावं असं एकदा मनात आलं होतं. पण तिची खिचडी फार चांगली होते.