बंद जिना, चालू वर्दळ

हवाईतल्या ओआहू बेटावर कोओलाउ डोंगररांगेला ३,९२२ पायऱ्यांचा हाइकू जिना टेकवला गेला. दुसऱ्या महायुद्धात डोंगरमाथ्यावर रेडिओच्या तारा ताणण्यासाठी अमेरिकी नौदलाने ही वाट काढली. १९८७ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि मगच खऱ्या अर्थाने वाहती झाली. पाटी लागली, कुंपण झाले, पहारेकरी बसला. गिर्यारोहकांनी पहाटेच्या अंधारात निघण्याची आरोग्यदायी सवय लावून घेतली. खालच्या वस्तीची झोप मात्र उडाली, आणि रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती.

२००० नंतर होनोलुलू नगरपालिकेने सुमारे पावणेनऊ लाख डॉलर खर्चून जिना दुरुस्त केला. दुरुस्तीनंतर तो उघडायचा असतो, एवढे किरकोळ काम तेवढे राहून गेले. ‘फ्रेंड्स ऑफ हाइकू स्टेअर्स’ ही संस्था वर्षानुवर्षे सांगत आली की शुल्क घ्या, चढणाऱ्यांची संख्या बांधून द्या, देखरेख ठेवा. यात शासनाला न परवडणारी एकच गोष्ट होती : निर्णय. तो अखेर २०२१ मध्ये झाला. नगरपरिषदेने जिना काढून टाकण्याचा ठराव केला. अतिक्रमण, अपघाताची जबाबदारी आणि खर्च ही कारणे दिली. काढण्याचा खर्च दुरुस्तीपेक्षा बराच जास्त निघाला, पण मोडण्यासाठी तिजोरी नेहमीच सढळ असते. २०२४ मध्ये पायऱ्या उचलायला सुरुवात झाली. संस्था त्याआधीच न्यायालयात गेली होती आणि २०२४ मध्येच अपील न्यायालयाने कामाला तात्पुरती स्थगिती दिली. त्यामुळे काही काळ चढायलाही बंदी होती आणि मोडायलाही.