लेखक, प्रकाशक आणि हमाल

बेळगावजवळच्या आमच्या पिरनवाडीत एक कादंबरीकार राहतात. दिवसा ते उद्यमबागेत लेथवर असतात, म्हणून गाव त्यांना टर्नर म्हणतं. यात गावाची चूक नाही. लेथचा पगार महिन्याच्या महिन्याला दिसतो, कादंबरीचा अजून कुणाला दिसलेला नाही. तर या टर्नरांच्या मनात आलंय की नोकरी सोडावी, पुस्तकं स्वतःच छापावीत, स्वतःच विकावीत आणि त्यावर जगावं. बेत ऐकून सासरे शांतपणे म्हणाले, "होय जावईबापू, पण जेवणार कुठं?"

सासऱ्यांना सीमाभागाचा वाङ्मयीन इतिहास पाठ असावा. 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर नावाजलेले कादंबरीकार होते. चूल मात्र नागपूरच्या 'तरुण भारत'मधल्या संपादकाच्या खुर्चीवर पेटायची. रणजित देसाईंची 'स्वामी' घरोघर पोचली, पण त्यांच्या पाठीशी कोवाडची शेतीवाडी होती. आणि निपाणीचे महादेव मोरे? तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, मेस्त्री असल्या माणसांवर त्यांनी जन्मभर लिहिलं. 'एकोणिसावी जात', 'झोंबडं' या कादंबऱ्यांचं कौतुक झालं. 2024 साली ते गेले, तेव्हा महाराष्ट्रानं हळहळ व्यक्त केली. पोटासाठी त्यांनी गॅरेजात काम केलं आणि पुढं निपाणीत पिठाची गिरणी चालवली. समीक्षकांना त्यांचं वास्तव दाहक वाटायचं. गिरणीवर येणाऱ्या बायकांना दळण बारीक हवं असायचं, आणि पैसे त्या द्यायच्या.

खुर्ची, जमीन, गिरणी. आमच्या टर्नरांकडे लेथ आहे, आणि नेमकी तीच सोडायची म्हणतात.

त्यांचा हिशेब असा. कादंबरी दोनशे रुपयांची. दुकानदाराचे चाळीस टक्के, म्हणजे ऐंशी गेले. छपाईचे नव्वद गेले. उरले तीस. त्यात पिरनवाडी ते बेळगाव बसभाडं, मुखपृष्ठवाल्याचं देणं आणि दुकानदाराला पाजलेला चहा. बरं, हे तीस रुपये पुस्तक विकल्यावर. आणि विकलं की नाही हे दुकानदार दिवाळीनंतर सांगतो. कुठली दिवाळी, ते सांगत नाही.

थेट वाचकाला विकावं तर आमचे वाचक दिलदार. "एक प्रत दे की, वाचून सांगतो." सही केलेल्या प्रतीचे पैसे मागायचे नसतात, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. गल्लीतल्या एका काकांनी 1986 साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पाठीवर लाठ्या घेतल्या. त्यांनी कादंबरी हातात घेतली, किंमत पाहिली आणि सवलत किती ते विचारलं. लाठ्या तेव्हा पूर्ण दरानं खाल्ल्या होत्या, याची आठवण करून द्यायचं धाडस टर्नरांना झालं नाही.

मग प्रकाशन संस्था काढायचं ठरलं. दारावर पाटी लावायची म्हटली तर कर्नाटकाच्या 2024 च्या दुरुस्त कायद्यानं साठ टक्के पाटी कन्नडची. मराठी प्रकाशनाची साठ टक्के कन्नड पाटी रंगवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी मराठी पुस्तकं विकायची, आणि पाटी वाचून आलेल्या गिऱ्हाइकाला आत कन्नड काहीच नाही असं सांगायचं! टर्नरांनी पाटीचा नाद सोडला. संस्थेचा पत्ता सध्या 'दिवाणाखाली' असा आहे. तिथं गठ्ठे आहेत, वर पाहुणे झोपतात.

स्वतः छापायचं म्हटल्यावर जी दारं उघडली, त्यांचा नकाशा मात्र बघण्यासारखा आहे. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक दिल्लीहून मिळतो, तोही फुकट. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणारी नोशन प्रेस चेन्नईची. किंडलवाले अमेरिकेचे, सत्तर टक्के देतो म्हणतात, पण भारतात त्यासाठी ई-पुस्तक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. आणि मराठी कथा मोबाइलवर भागाभागानं वाचणाऱ्यांचा मोठा मेळा जिथं भरतो, ती प्रतिलिपी कंपनी 2014 साली निघाली बेंगळूरला. होय, बेंगळूरला! 'परिपत्रकं मराठीत द्या' म्हणून आम्ही ज्या राजधानीला निवेदनं देत आलो, त्याच राजधानीतून मराठी कथेचे पैसे निवेदन न देता खात्यावर जमा होतात. ही गोष्ट अजून कुठल्याच बाजूच्या संघटनेच्या ध्यानात आलेली नाही. कृपया कुणी कळवू नये.

प्रतिलिपीवर टर्नरांनी आधी फाउंड्रीतल्या कामगारांची कादंबरी टाकली. दोघांनी वाचली. एक ते स्वतः, दुसऱ्या वहिनी, आणि त्याही अर्ध्यात उठून भाकरी टाकायला गेल्या. मग त्यांनी टोपणनाव घेतलं, नायकाला कंपनीचा मालक केलं, नायिकेला अनाथ केलं आणि दोघांचं करारापुरतं लग्न लावून दिलं. प्रत्येक भागाच्या शेवटी दारावर थाप पडते. वाचक विचारतात, पुढचा भाग कधी? पैसे सुरू झाले. थोडेच, पण दिवाणाखालच्या साहित्यापेक्षा जास्त. अभिमानानं सांगावं अशी कमाई नावानिशी सांगता येत नाही, एवढीच अडचण. आमच्या नाक्यावर 2020 च्या ऑगस्टमध्ये पुतळ्यावरून मोठा तणाव झाला आणि शेवटी चौक शिवाजी महाराजांचा, पुतळा संगोळ्ळी रायण्णांचा असा तोडगा निघाला. टर्नरांनी घरात तोच तोडगा काढलाय: कीर्ती फाउंड्रीवाल्या कादंबरीची, पैसा करारवाल्या लग्नाचा.

छापील प्रती बाहेरगावी पाठवायच्या तर टपालाचा प्रश्न. डिसेंबर 2024 मध्ये स्वस्त बुकपोस्ट बंद झालं. पुढं 1 मे 2025 पासून ज्ञानपोस्ट आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये. मात्र ही सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी. करारापुरत्या लग्नाची कादंबरी यातल्या कुठल्या खान्यात बसते? लग्न हा संस्कार, म्हणून धार्मिक. करार आहे, म्हणून सामाजिक. अशी टर्नरांची तयारी झाली आहे.

राहिलं संमेलन. थंडी पडली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा अशी आमच्याकडे साहित्याची सुगी सुरू होते. ग्रंथदिंडी निघते, गावजेवण होतं, कथाकथनाला अख्खा मांडव हसून हसून लोळतो. कथाकथनकाराला पाकीट मिळतं. ज्यानं कथा नुसतीच लिहिली, त्याला मांडवाबाहेर टेबल मिळतं. लोक येतात, पुस्तक उलटं धरून मागचा मजकूर वाचतात, जागेवर ठेवतात आणि जेवणाची रांग कुठली ते विचारतात. पुरस्कारांचंही तसंच: प्रती दोन किंवा तीन पाठवाव्यात, प्रवेशशुल्क भरावं, निकालानंतर प्रवासखर्च स्वतः करावा. पुरस्काराचं स्वरूप शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह.

शाली वहिनींनी वाटून टाकल्या. स्मृतिचिन्हांवर नाव कोरलेलं, त्यामुळं ती कोणी घेत नाही. राहिला नारळ. नाक्यावरच्या पूजासाहित्याच्या दुकानदाराशी टर्नरांनी बोलणं केलंय. नारळाला हळदकुंकू लागलेलं नसेल तर तो रोख घेतो. आता कुठल्या मंडळाचा सत्काराचा फोन आला की ते नम्रपणे दोनच अटी घालतात: हळदकुंकू लावू नका, आणि जमलं तर कार्यक्रम श्रावणात ठेवा, तेव्हा भाव बरा असतो.