सोसायटीतले मांजरवैद्य

प्रत्येक सोसायटीत एक तरी मांजरवैद्य असतो. बहुधा निवृत्त, बहुधा बँकेतला, आणि स्वतःच्या घरी मांजर नसलेला, कारण काकूंना चालत नाही. त्यामुळे काकांची सगळी माया आणि सगळं वैद्यक दुसऱ्यांच्या मांजरांवर खर्ची पडतं.

कुणाची मनी जिन्यात बसून मान खाजवताना दिसली की काका थबकतात. कपाळावरचा चष्मा नाकावर येतो. "उष्णता!" मान असो, कान असो, शेपटीचं मूळ असो, निदान एकच. औषधही एकच, खोबरेल तेल. त्यात कधी कडुलिंब, कधी हळद, कधी कापूर. मनी पुढचा अर्धा तास ते चाटूनपुसून पोटात घालते. "बघा, आतूनही लागू पडेल," काका खूश. कापूर मांजराला विषारी असतो असं कुणी म्हणालं, तर "आमच्या गावाला..." सुरू होतं. काकांच्या गावाला मांजरं बहुतेक म्हातारी होऊनसुद्धा मरत नसावीत.

फिनेलच्या पाण्याने आंघोळ हीसुद्धा त्यांचीच सूचना. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. पण यकृत काकांच्या अभ्यासक्रमात नाही, हिशोब आहे. कुत्रा वीस किलोचा, मांजर चार किलोचं, म्हणून कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला एक पंचमांश. त्रैराशिक बिनचूक. फक्त त्या औषधात पर्मेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात, जीवही जाऊ शकतो.

शेजारच्या वहिनी सुदैवाने त्रैराशिकात कच्च्या. चाटून चाटून मनीचं पोट उघडं पडलं, तेव्हा त्यांनी तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बारीक दातांच्या फणीने पाठ विंचरली. फणीतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. कणांभोवती तांबूस डाग पसरले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मनीचंच पचलेलं रक्त. "पण पिसू तर एकही दिसली नाही!" वहिनी म्हणाल्या. दिसणार कशी, चाटता चाटता मनीच गिळते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असली की मोजके चावेही पुरतात. औषधाचे थेंब मानेवर, जीभ पोचणार नाही तिथे, आणि शिवाय अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात, गालिचे, सोफ्याच्या फटी साफ, कारण अंडी आणि अळ्या मनीच्या अंगावर कमी, घरात जास्त.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मानेवर ना? उष्णता तिथेच असते. मी म्हटलंच होतं."

पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या पिल्लाच्या कानामागे गोल टक्कल पडलं, कडेला कोंडा. काकांनी त्याला मांडीवर घेऊन, बाह्या सारून, मनसोक्त तेल चोळलं. काही दिवसांनी काकांच्याच मनगटावर लालसर कडं उमटलं, गोल गरगरीत. खोबरेलची बाटली समोरच होती. तिच्याकडे न बघता काका रिक्षाने शहरातल्या नावाजलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, "नायटा आहे. घरी मांजर आहे का?"

"छे, घरी कुठलं? माझी बाहेर प्रॅक्टिस आहे."