नैसर्गिक मोरपंखी

केस पांढरे करणं हा निसर्गाचाच उद्योग, आणि ते लपवण्यासाठी पुन्हा निसर्गाकडेच वशिला लावायचा, यात थोडा भाबडेपणा आहे. पण रविवारी सकाळी डोक्यावर हिरवट चिखल थापून, त्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधून गॅलरीत बसलेल्या माणसाला तो जाणवत नाही. ‘केमिकल’ सोडल्याचं सात्त्विक तेज त्याच्या चेहऱ्यावर असतं. वर्षानुवर्षं काळा डाय लावल्यावर एके दिवशी कंगव्यात गुंतलेला पुंजका बघून मन विरक्त होतं आणि आवळा, माका, जास्वंद, मेंदी या माहेरच्या मंडळींना बोलावणं जातं. ती आनंदाने येतातही. आधीच्या पाहुण्याने अजून खोली सोडलेली नाही, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिनला घट्ट धरून बसतं, आणि त्याला केशरी-तांबड्याखेरीज दुसरं काही येत नाही. आधीचा डाय पुसणं हे त्याचं कामच नव्हे. त्यामुळे मुळाशी नव्याने उगवलेला पांढरा केस धगधगीत नारिंगी होतो, मधला विटलेला डाय वीटकरी होतो, आणि टोकाकडचा काळा काळाच राहून उन्हात तेवढा लालसर चमकतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे वय झाकायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर चक्क बखर लिहिली जाते: इथवर डाय होता, इथे वैराग्य आलं, इथून मेंदी. मोजपट्टी लावली तर महिनासुद्धा सांगता येईल.

माझ्या मावशीने ही बखर एका साखरपुड्याच्या तोंडावर लिहिली. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी, चहाचं कडक पाणी, आवळ्याची पूड, सगळं यथासांग. (लोखंड आणि चहा-आवळ्यातलं टॅनिन भेटलं की मिश्रण काळं पडतं, जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करत. कढई बघून वाटतं, आता केस काळेभोर होणार. ती आशा बहुतेक कढईलाच लागते.) नारिंगी भांग बघून शेजारच्या काकूंनी इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पूड, आणून दिली. नीळ हे अद्भुत प्रकरण आहे. पान हिरवं, त्यात निळा औषधालाही दिसत नाही. ते पाण्यात कालवलं, हवा लागली, की निळा जन्माला येतो. याच पिकाच्या सक्तीपायी चंपारणचे शेतकरी गांजले होते आणि 1917 मध्ये गांधीजींना तिथे जावं लागलं. एवढा इतिहास गाजवलेली वनस्पती मावशीच्या कानशिलांवर निमूट बसेल, ही अपेक्षाच जास्त होती. मेंदीवर नीळ चढली की गडद तपकिरी, काळपट रंग येतो, हे खरं. पण जिथे मेंदी नीट बसलेली नसते तिथे नीळ एकटी पडते, आणि पिवळट पांढऱ्यावर हिरवी दिसू लागते. मावशीच्या दोन्ही कानांवर मोरपंखी झाक उतरली. पार्लरमधल्या मुलीने हात जोडले, ‘आता यावर ब्लीच नको, मॅडम. आणखी हिरवं निघेल.’

घरातल्या कशाकडेच कधी लक्ष न देणारे काका त्या संध्याकाळी पेपरातून मान वर काढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘काहीतरी बदललंय. पडदे नवे आणलेस का?’

मागावं एक आणि हाती यावा भलताच रंग, याला तशी थोर परंपरा आहे. 1856 मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हा 18 वर्षांचा मुलगा घरच्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनीन करायला बसला होता. ते मिळायचं सिंकोना झाडाच्या सालीतून. याला ते डांबरातल्या रसायनांपासून हवं होतं. क्विनीन राहिलं बाजूला, काळ्या गाळातून जांभळा रंग उतरला, आणि कृत्रिम रंगांचा सारा कारभार तिथून सुरू झाला. डायमधली ‘पीपीडी’ त्याच गोतावळ्यातली. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटावर पानाचं चित्र असतं आणि आत पुष्कळदा हीच बाई बसलेली असते. म्हणजे पर्किन झाडाचं औषध बाटलीत करायला गेला आणि रंग घेऊन आला. मावशी बाटलीतला रंग टाकून झाडाच्या औषधाकडे वळली, तीही रंगच घेऊन आली. दोघांची गाठ पडती तर बरंच बोलणं झालं असतं.

मावशी साखरपुड्याला तशीच गेली. हिरव्या काठाची साडी नेसली, आणि दोन भाच्यांनी ‘कुठल्या पार्लरमध्ये केलंत?’ असं विचारल्यावर तिने फक्त गूढ हसून दाखवलं. डायकडे ती परतली नाही. नीळही सुटली, मेंदी राहिली. पण आताशा तिचा खांदा धरतो, हात मागे पोचत नाही, म्हणून डोक्याची मागची बाजू काकांकडे आली. ब्रशने त्यांचं समाधान होत नाही. ते बोटांनीच लावतात, एकेक बट उचलून, हिशेबाची वही लिहावी तशा एकाग्रतेने. तळहाताच्या कातडीतही केराटिनच असतं, त्यामुळे मावशीइतकेच काकाही रंगतात.

परवा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले, तर काउंटरवरच्या मुलीने त्यांचे लाल हात बघून विचारलं, ‘काका, घरात लग्न झालं वाटतं?’

‘हो,’ काका सही करता करता म्हणाले, ‘झाली बरीच वर्षं.’