सायकलचं कूळ

"काय गं, काल रात्री तुमच्या बाथरूममध्ये कसला धबधबा चालला होता?" काकूंनी कुंपणावर कोपर टेकून विचारलं. काकू सदाशिव पेठेतल्या, लेकाकडे इथे कॅलिफोर्नियात सहा महिन्यांसाठी आलेल्या. आमच्या परसांमधल्या कुंपणाची एक फळी निखळलेली आहे. ती कुणीच बसवत नाही, सोय आहे ती.

"सायकलला आंघोळ घालत होतो, काकू."

झालं असं, शनिवारी हे गराज सेलमधून सायकलचा सांगाडा घेऊन आले. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. रंग नाही, स्टिकर नाही, नंबरसुद्धा नाही. राखाडी नळ्या आणि किंमत 40 डॉलर. वर मलाच सांगतात, "टायटॅनियम आहे!"

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"कुठलं! फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट लावून पाहिला, चिकटला नाही. म्हटलं, तो आपल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यालाही चिकटत नाही. मग आंघोळ."

भारतात जाताना बॅगा तोलायला आपण तो हुकाचा काटा घेतो ना, त्याला फ्रेम टांगली. कोरडी भरली 1.6 किलो. मग टबात बुडवली, नळ्यांतली हवा बुडबुड करत गेली, आणि काटा सव्वा किलोवर आला. साडेतीनशे ग्रॅमचा फरक. 1.6 ला 0.35 ने भागलं की साडेचार आणि थोडं वर. अ‍ॅल्युमिनियम असतं तर 2.7 आलं असतं, पोलाद असतं तर 7.8. टायटॅनियमची घनता 4.5. हे ओल्या लेंग्यानिशी नाचले, फरशी मी पुसली.

"बरं, धातू कळला. पण घराणं कुठलं?" काकू मुद्द्यावर आल्या. आयुष्यभर स्थळं जुळवलेली बाई ती.

"तिथेच तर घोडं अडलंय. या धंद्यात नावावर जायचीच सोय नाही. 1973 ची तूर द फ्रान्स लुईस ओकान्याने जिंकली ना, तेव्हा डोंगरातल्या टप्प्यांत त्याच्या सायकलवर नाव मोटोबेकानचं आणि खाली फ्रेम इंग्लंडच्या स्पीडवेलने बनवलेली, टायटॅनियमची."

"म्हणजे मामाचा कोट घालून मुलगी बघायला गेलेला नवरदेव!"

आधी ह्यांना वाटलं, आपल्याच राज्यातली असेल. लॉस एंजेलिसजवळ गार्डीनाला टेलिडाइन म्हणून कंपनी, तिने सत्तरच्या दशकात 'टायटन' काढली होती. पण ती शुद्ध टायटॅनियमची. हा धातू पोलादाच्या जेमतेम निम्मा ताठ, म्हणून नळ्या जाड घेतल्या होत्या, तरी त्या फ्रेमींना तडे जायचे. पुढे लोक शहाणे झाले. विमानातल्या तेलाच्या नळ्यांसाठी 3 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू वापरायचे, तोच सायकलीला लावला.

"वय काढलंत का? वयावरून निम्मी स्थळं गळतात."

काढलं की. माझी शिवणाची टेप गेली त्यात. मागचं चाक अडकतं त्या दोन कानांमधलं अंतर भरलं 126 मिलिमीटर. मागे पाच चकत्या होत्या तेव्हा हे अंतर 120 असायचं, आठ झाल्या तेव्हा 130. म्हणजे आमची ही मधली, ऐंशीच्या दशकातली. पोलादाचे कान ओढून रुंद करता येतात. टायटॅनियम ओढलं तरी परत जागेवर येतं, त्यामुळे इथे वय चोरता येत नाही. मग पायडलचा कणा बसतो त्या नळीचे आटे पाहिले. उजवीकडचे उलटे निघाले, रुंदी 68. हा इंग्लिश घाट. इटलीची असती तर दोन्हीकडचे आटे सरळ आणि रुंदी 70 असती.

"राहिली किती?"

"ह्यांच्या मते दोन. मॅसॅच्युसेट्सची मर्लिन आणि टेनेसीची लाइटस्पीड. दोघींचा जन्म 1986 चा. त्यात लाइटस्पीडने दुसऱ्यांच्या नावानेही फ्रेमी करून दिल्या, म्हणजे पुन्हा मामाचा कोट. आता रात्रंदिवस जोड बघत बसलेत. टायटॅनियम तापलं आणि हवा लागली की बिघडतं, जोड निळा पडतो. म्हणून आतून-बाहेरून आर्गॉन वायू सोडून जोडतात. आमचे जोड चंदेरी आहेत. अगदी करंजीच्या मुरडीसारखे, बारीक आणि एकसारखे."

करंजीचं नाव काढलं मात्र, काकू फळीच्या फटीतून थेट आमच्या परसात. चष्मा सारखा करून त्यांनी फ्रेमीच्या प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवला. पुढच्या तीन नळ्यांवरून एकदा, मागच्या चार बारक्या नळ्यांवरून दोनदा.

"अहो," त्या ह्यांना म्हणाल्या, "पुढची मुरड उजव्या हाताची आहे, मागची डावऱ्याची. दोघांनी मिळून केलीय ही."

हे तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग भिंग आणायला आत पळाले.

"चहा टाकतेस?" काकू म्हणाल्या. "आता तासभर काही ते बाहेर येत नाहीत."